पीआर : देश नंतर, आधी आपले कागद

मा. संपादक,

स. न. वि. वि.

‘सहा महिन्यांत कॅनडा पीआर’ (म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना), ‘नोकरी नसली तरी ऑस्ट्रेलिया’, ‘जर्मनीत कायमचे वास्तव्य’ अशा जाहिराती पुण्यात रिक्षांच्या पाठीवर दिसतात, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत दिसतात आणि हॉटेलांच्या हॉलमध्ये भरणाऱ्या ‘मोफत मार्गदर्शन’ मेळाव्यांत तर त्यांचाच गजर असतो. त्या वाचून हिंजवडी-खराडीतला आयटीवाला काय किंवा चाकण-रांजणगावचा इंजिनिअर काय, एकच प्रश्न विचारतो : ‘सध्या कुठला देश सोपा?’ हा प्रश्न आला की समोरचा एजंट देश विकायला मोकळा. वास्तविक देश सगळ्यात शेवटी येतो. आधी चार गोष्टी एका कागदावर लिहून काढायच्या : जन्मतारीख, आपल्या कामाचा नेमका कोड (त्या देशाच्या सूचीतला व्यवसायाचा क्रमांक), भाषेच्या परीक्षेतले चारही विभागांचे गुण, आणि अनुभव सिद्ध करणारे पत्र कंपनीकडून मिळणार की नाही. या चारांपैकी एकही गोष्ट कुठल्याच एजंटाच्या हातात नाही. पैसे भरून झाल्यावर लोकांना जे कळते, ते भरण्याआधी कळावे म्हणून हा पत्रप्रपंच.

मुळात ‘पीआर मिळते’ या दोन शब्दांत तीन निरनिराळे रस्ते कोंबलेले असतात. पहिला, पुण्यात बसून अर्ज करायचा आणि पीआर हातात घेऊनच विमानात बसायचे. कॅनडाची एक्स्प्रेस एंट्री आणि ऑस्ट्रेलियाचे १८९ व १९० क्रमांकाचे व्हिसा यात मोडतात. दुसरा, आधी नोकरी, मग कामाचा व्हिसा, आणि काही वर्षे तिथला कर भरल्यावर पीआर. जर्मनी, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाचा ४८२ हा नोकरीशी बांधलेला व्हिसा यात येतात. तिसरा, कामाचा व्हिसा मिळतो, पण पीआरच्या रांगेचा शेवट दिसत नाही. भारतात जन्मलेल्यांसाठी अमेरिका हा तो रस्ता. पहिल्या रस्त्यावर गुण कमी पडले तर पैसा आणि वेळ जातो, पण इथली नोकरी शाबूत राहते. दुसऱ्या रस्त्यावर तिकडची नोकरी गेली की व्हिसाच डळमळतो, आणि तोवर मुलांच्या शाळा तिकडे सुरू झालेल्या असतात. घरात बसून बोलायची गोष्ट ही आहे. थंडी सोसेल का, भाजी महाग आहे का, हे नंतर बोलता येते.

आता कॅनडाचे गणित, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. एक्स्प्रेस एंट्री जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात गुण दोनदा मोजले जातात. फेडरल स्किल्ड वर्कर या योजनेत बसण्यासाठी १०० पैकी ६७ गुण लागतात. ही झाली फक्त दारातून आत शिरण्याची अट. आत गेल्यावर सीआरएस नावाची १,२०० गुणांची दुसरी मोजणी होते आणि आमंत्रण त्या क्रमवारीवर निघते. ‘तुम्ही पात्र आहात’ असे एजंट सांगतो तेव्हा तो पहिल्या मोजणीबद्दल बोलत असतो आणि ऐकणारा दुसरी समजतो.

उदाहरण घेऊ. चाकणमधल्या कारखान्यात दहा वर्षे काम केलेला, ३३ वर्षांचा, अविवाहित मेकॅनिकल इंजिनिअर. बी. ई., आयईएलटीएस जनरल या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकण्याला ८, वाचन, लेखन आणि बोलण्याला प्रत्येकी ७. पहिल्या मोजणीत वयाचे १२, शिक्षणाचे २१, भाषेचे २४ आणि अनुभवाचे १५ मिळून ७२. म्हणजे पात्र. सीआरएसमध्ये वयाचे ८८, पदवीचे १२०, इंग्रजीचे १२४, आणि चांगल्या इंग्रजीला पदवी व परदेशी अनुभवाची जोड म्हणून ७५. बेरीज ४०७. कॅनडातला अनुभव असलेल्यांसाठी २०२५ मध्ये जे ड्रॉ (आमंत्रणांच्या फेऱ्या) झाले, त्यांतला एकही ५०० च्या खाली उतरला नाही, आणि ज्याचा अनुभव फक्त भारतातला आहे त्याला त्या ड्रॉमध्ये जागाच नसते. म्हणजे ७२ गुण घेऊन पात्र ठरलेला हा माणूस ४०७ वर नुसता बसून राहतो. प्रोफाइल एक वर्ष टिकते, मग संपते. ‘प्रोफाइल बनवून देतो’ म्हणून पैसे घेणाऱ्याने आपले काम केलेले असते, कारण प्रोफाइल बनवणे फुकट आणि तासाभराचे काम आहे.

याच माणसाला लेखनात ७ ऐवजी ६.५ पडले तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. लेखनाचे ८ गुण थेट जातातच. पण चारही विभागांत कॅनडाच्या मापाने नववी पातळी (ऐकण्याला ८, बाकी तिन्हीला ७) असेल तरच जोडीचे ७५ मिळतात, एक विभाग जरी खाली घसरला तरी ते ३८ होतात. अर्ध्या बँडने एकूण ४५ गुण गेले, ४०७ चे ३६२ झाले. एम. टेक. करायला दोन वर्षे घालवणारे लोक लेखनाच्या सरावाला महिनाभर देत नाहीत, याची खंत वाटते. लेखनात बँड कापला जातो तो अवघड शब्द नसल्यामुळे नव्हे. प्रश्नाच्या तीन उपप्रश्नांपैकी एक सुटतो, पत्राचा सूर औपचारिक हवा तिथे घरगुती होतो, किंवा पाठ केलेली वाक्ये तपासणाऱ्याच्या लक्षात येतात. आणि कॅनडाच्या पीआरला आयईएलटीएस जनरलच लागते, अकॅडेमिक चालत नाही. पीटीई ही दुसरी परीक्षा द्यायची तर ‘कोअर’, ‘अकॅडेमिक’ नव्हे. चुकीची परीक्षा देऊन उत्तम गुण मिळवलेले लोक दर वर्षी निघतात.

मग या इंजिनिअरला कॅनडाचे दार बंदच का? नाही. त्याला फ्रेंच शिकता येईल. फ्रेंचमध्ये चारही विभागांत सातवी पातळी गाठली तर दुसऱ्या भाषेचे १२ आणि वरचे ५० असे ६२ गुण वाढून तो ४६९ वर जातो. फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळे ड्रॉ निघतात आणि २०२५ च्या मार्चमध्ये त्यातला एक ३७९ वर आला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मात्र तो ४८१ पर्यंत चढला, तेव्हा खात्री इथेही नाही. सातवी पातळी म्हणजे साधारण बी-२, युरोपीय मोजपट्टीवर ए-१ पासून चौथी पायरी. शून्यापासून नोकरी सांभाळून दीड-दोन वर्षे सहज लागतात. तेवढ्यात वय ३५ झाले की ८८ चे ७७ होतात, हे वजा धरूनच हिशेब करावा. परीक्षा टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा हीच लागते. पुण्यात फ्रेंच शिकणारे बहुतेक जण डेल्फची तयारी करतात, ते प्रमाणपत्र एक्स्प्रेस एंट्रीला चालत नाही.

दुसरा उपाय प्रांताच्या निवडीचा, पीएनपीचा. प्रांताने निवडले की ६०० गुण वाढतात आणि आमंत्रण जवळपास ठरलेले. पण निवड प्रांत करतो, आपण किंवा एजंट नाही. आणि तिसरा जो उपाय अजूनही विकला जातो, त्याबद्दल स्पष्ट सांगायला हवे : नोकरीच्या ऑफरचे ५० किंवा २०० गुण कॅनडाने २५ मार्च २०२५ पासून काढून टाकले. ‘एलएमआयए (परदेशी कामगार घेण्यासाठी तिथल्या मालकाला मिळणारी सरकारी मंजुरी) घ्या, गुण वाढतील’ असे सांगून कुणी पैसे मागत असेल, तर तो जुना माल विकतो आहे. शिवाय एलएमआयए विकत घेणे हा गुन्हाच आहे, तेव्हाही होता.

हाच इंजिनिअर ऑस्ट्रेलियाच्या तक्त्यात घालून पाहू. वयाचे २५, पदवीचे १५, गेल्या दहा वर्षांतल्या आठ किंवा अधिक वर्षांच्या अनुभवाचे १५, प्रत्येक विभागात किमान ७ म्हणून इंग्रजीचे १०, अविवाहित म्हणून १०. बेरीज ७५. चारही विभागांत ८ आणले तर इंग्रजीचे २०, आणि बेरीज ८५. एखाद्या राज्याने १९० साठी नामांकन दिले तर ५ वाढतात, ४९१ साठी १५. ४९१ हा पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा आहे. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून इतरत्र तीन वर्षे राहून-कमावून १९१ ला अर्ज करायचा, तेव्हा पीआर. पर्थ आणि ॲडलेडही त्यात येतात, त्यामुळे ‘४९१ म्हणजे जंगलात’ हा समज काढून टाकावा. किमान गुण ६५ असले तरी आमंत्रण व्यवसायानुसार निघते. इंजिनिअर, नर्स, शिक्षक यांना जे गुण पुरतात ते आयटीवाल्यांना पुरतीलच असे नाही.

वयाचा काटा ऑस्ट्रेलियात फार सरळ पडतो. २५ ते ३२ या वयाला ३० गुण, तेहतिसाव्या वाढदिवशी २५, चाळिसाव्या वाढदिवशी १५, आणि ४५ ला दारच बंद. आमंत्रणाच्या दिवशीचे वय धरतात, अर्ज नोंदवल्याच्या दिवशीचे नाही. बत्तिशीतल्या माणसाने पुढचा वाढदिवस कॅलेंडरवर लाल शाईने लिहावा आणि उलटे मोजत यावे : कौशल्य मूल्यांकनाचे महिने, परीक्षेचे महिने, राज्याच्या नामांकनाचे महिने.

कौशल्य मूल्यांकन ही ऑस्ट्रेलियाची खरी चाळणी आहे, आणि ती आपल्याकडच्या एका जुन्या सवयीला नडते. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल करून आयटीत गेलेले पुण्यात घरटी एक सापडतील. आयटीच्या व्यवसायांचे मूल्यांकन एसीएस ही संस्था करते. पदवी संगणकाची आणि कामही त्याच जातीचे असेल, तरी सुरुवातीची साधारण दोन वर्षे ती वजा करते. पदवीचा आयटीशी संबंध नसेल तर आरपीएलच्या, म्हणजे अनुभवातून आलेले ज्ञान सिद्ध करण्याच्या, मार्गाने जावे लागते आणि सहा वर्षांपर्यंत वजा होतात. नऊ वर्षे कोडिंग केलेला मेकॅनिकलवाला तीन वर्षांचा अनुभवी ठरतो, आणि अनुभवाचे १५ गुण धरून बसलेला हिशेब ५ वर येतो. हे आधी कळले तर तो योजना बदलेल. मूल्यांकनाचे पत्र आल्यावर कळले तर फीसुद्धा गेलेली असते.

इंजिनिअर म्हणूनच काम करणाऱ्यांचे मूल्यांकन इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया करते. अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या आपल्या एनबीएला वॉशिंग्टन अकॉर्ड या परस्पर मान्यतेच्या कराराचे पूर्ण सदस्यत्व २०१४ मध्ये मिळाले. आपला अभ्यासक्रम त्यानंतरच्या टिअर-१ मान्यतेत बसत असेल तर काम हलके होते. नसेल तर सीडीआर, म्हणजे आपल्या कामाचा अहवाल, लिहावा लागतो : तीन ‘करिअर एपिसोड’, प्रत्येकी १,००० ते २,५०० शब्दांचे, वर सारांशपत्रक आणि आपण घेतलेल्या प्रशिक्षणांची यादी. इथे नापास होण्याची दोन कारणे. एक, सगळे ‘आम्ही’मध्ये लिहिलेले असते. ‘आम्ही लाइनचा सायकल टाइम कमी केला’ यातून तुम्ही काय केले हे कळत नाही. ‘फिक्स्चरचा भार मी असा काढला, बोल्टचा आकार या कारणाने बदलला’ असे हवे असते. दुसरे, विकत घेतलेला सीडीआर. तो आधी कुणीतरी दिलेला असतो, सॉफ्टवेअर पकडते, आणि मग काही काळ अर्जच करता येत नाही.

आता कोड आणि पत्र. कॅनडात ‘एनओसी’ म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र नव्हे, व्यवसायांची राष्ट्रीय सूची. कोड हुद्द्यावरून ठरत नाही, रोजच्या कामावरून ठरतो. ‘असोसिएट’, ‘मॉड्यूल लीड’, ‘असिस्टंट मॅनेजर’ हे शब्द तिकडच्या अधिकाऱ्याला काहीच सांगत नाहीत. कोड लिहून देणारा सॉफ्टवेअरवाला २१२३२ मध्ये बसतो, रचना ठरवणारा २१२३१ मध्ये. कारखान्यात यंत्रांची रचना आणि विश्लेषण करणारा २१३०१, मेकॅनिकल इंजिनिअर. पण ‘मेंटेनन्स इंजिनिअर’ अशी पाटी असलेला माणूस दिवसभर पाना घेऊन गिअरबॉक्स उघडत असेल, तर तो ७२४००, औद्योगिक मेकॅनिक. यात कमीपणा कसला? काही वेळा तोच कोड जास्त उपयोगी पडतो. चुकीचा कोड धरून वर्षभर केलेली तयारी मात्र अर्ज फेटाळल्यावरच कळते.

कोड बरोबर असला तरी पत्राशिवाय त्याला किंमत नाही. आपल्या कंपन्यांचे एचआर विभाग जे ‘सर्व्हिस लेटर’ देतात त्यात रुजू तारीख, सोडल्याची तारीख आणि पुढील वाटचालीस शुभेच्छा असतात. कॅनडाला कंपनीच्या लेटरहेडवर हवे असते ते असे : हुद्दा, मुख्य कामे, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि भत्ते, तारखा, सही करणाऱ्याचे नाव, पद व संपर्क. एवढे सगळे लिहून देणार नाही असे बऱ्याच मोठ्या आयटी कंपन्यांचे धोरणच असते. तेव्हा तत्कालीन वरिष्ठाचे किंवा सहकाऱ्याचे नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र घ्यावे, त्यात दोघे एकत्र कुठल्या काळात, कुठल्या प्रकल्पावर होते ते लिहावे, आणि सोबत कंपनीचे साधे पत्र, रिलीव्हिंग लेटर, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पीएफचे पासबुक आणि एचआरने नकार दिल्याचा ईमेल जोडावा. कामांची यादी सरकारी संकेतस्थळावरून शब्दशः उतरवली तर अधिकाऱ्याला तीही लगेच ओळखू येते. चाकण-भोसरीत ठेकेदाराच्या पटावर राहून मोठ्या कारखान्यात काम केलेल्यांचा घोळ वेगळाच : पत्र ठेकेदाराचे, ओळखपत्र कारखान्याचे. पगार ज्याने दिला त्याचे पत्र मूळ धरावे आणि कारखान्यातल्या वरिष्ठाचे प्रतिज्ञापत्र जोडावे. रोखीने घेतलेला पगार सिद्ध करणे जवळपास अशक्य, म्हणून नोकरी बदलताना हे आधीच पाहावे.

नावाचा प्रश्न खास आपल्या महाराष्ट्राचा. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे आणि शेजारी आईचे नाव. पासपोर्टवर मधले नाव कधी असते, कधी नसते. लग्नानंतर बाईचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलते, कधी कधी पहिलेही. परीक्षेची नोंदणी पासपोर्टबरहुकूम झाली नाही तर परीक्षाच वाया जाते. पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवावे. पहिलेच नाव बदलले असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नोंद शोधून ठेवावी. २०१४ च्या आधीच्या पदव्यांवर ‘पुणे विद्यापीठ’ असते, नंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. अर्जात आजचे नाव लिहून कंसात जुने द्यावे. आणि शिक्षणाच्या तुलनेसाठी डब्ल्यूईएस या संस्थेकडे जात असाल तर आधी त्यांचा संदर्भ क्रमांक घ्यावा आणि मगच विद्यापीठाकडे ट्रान्सक्रिप्टचा अर्ज करावा. उलटे केले की ट्रान्सक्रिप्ट पोहोचते आणि कुणाच्या फायलीत लावायचे ते त्यांना कळत नाही.

पैशाची अट लोक फार उशिरा वाचतात. जुलै २०२५ च्या दराने कॅनडाला एकट्यासाठी १५,२६३ डॉलर आणि चौघांच्या कुटुंबासाठी २८,३६२ डॉलर दाखवावे लागतात, कॅनडाचे डॉलर. आकडा दर वर्षी बदलतो. कुटुंब मोजताना जे सोबत येणार नाहीत ते जोडीदार आणि मुलेही धरायची. बँकेच्या पत्रात सध्याची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी, खाते उघडल्याची तारीख आणि कर्जे हवीत. कोथरूडचा फ्लॅट यात धरत नाहीत, सोने धरत नाहीत, मित्राकडून महिनाभरासाठी घेतलेले पैसे तर मुळीच नाही. वडिलांनी दिलेले असतील तर बक्षीसपत्र आणि त्यांच्या खात्यातून आल्याचा माग दाखवावा. मुदत ठेव मोडता येत असेल तर चालते. सरकारी फी वेगळी : प्रौढ व्यक्तीमागे एप्रिल २०२४ च्या दराने ९५० आणि ५७५ मिळून १,५२५ डॉलर.

आमंत्रण आले की दोन्ही देशांत ६० दिवस मिळतात, आणि ते पोलिसांच्या दाखल्यात संपतात. भारताचा पीसीसी पासपोर्ट सेवेतून मिळतो, पुणेकरांसाठी मुंढव्याचे केंद्र. पण कॅनडा गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त राहिलेल्या प्रत्येक देशाचा दाखला मागतो. ऑस्ट्रेलिया एकूण बारा महिन्यांचा हिशेब धरतो. कंपनीने ‘ऑनसाइट’ म्हणून आठ महिने अमेरिकेत पाठवले होते हे आमंत्रण आल्यावर आठवले, तर एफबीआयच्या दाखल्याची वाट पाहण्यात मुदत निघून जाते.

घरातली एक गोष्ट इथेच सांगायला हवी. अर्ज नवऱ्याच्या नावाने करायचा, ही सवय. नियमात तसे काही नाही. दोघांचे गुण दोन्ही बाजूंनी मोजून ज्याचे जास्त तो मुख्य अर्जदार. बायको नर्स, फिजिओथेरपिस्ट किंवा शिक्षिका असेल तर तिचा व्यवसाय कॅनडाच्या आरोग्य किंवा शिक्षण गटाच्या ड्रॉमध्ये येऊ शकतो. आयटीतल्या नवऱ्याचा येईलच असे नाही.

जर्मनीचा हिशेब गुणांचा नाही, पगाराचा आणि भाषेचा आहे. ब्लू कार्ड या पदवीधरांच्या कामाच्या परवान्यासाठी २०२५ मध्ये वार्षिक ४८,३०० युरोचा करार लागत होता, तुटवड्याच्या व्यवसायांना ४३,७५९.८० युरोचा, इंजिनिअर आणि आयटी दुसऱ्यात येतात. दर जानेवारीत हा आकडा चढतो. ब्लू कार्डवर २७ महिने पेन्शनचे हप्ते भरले आणि ए-१ एवढे जर्मन आले की कायमचे वास्तव्य मागता येते. बी-१ असेल तर २१ महिन्यांत. म्हणजे जाण्यापूर्वीच इथल्या मॅक्सम्युल्लर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये केलेले बी-१ तिकडे गेल्यावर सहा महिने वाचवते, नोकरी मिळवून देते ते वेगळेच. पदवीसाठी आनाबिन नावाच्या त्यांच्या यादीत विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ आणि आपल्या पदवीची नोंद आहे का ते पाहावे. नसेल तर झेडएबी या त्यांच्या कार्यालयाकडून तुलनेचे पत्र घ्यावे. जून २०२४ पासूनचे चान्सनकार्टे हे नोकरी शोधायचे एक वर्षाचे कार्ड आहे. ते पीआर नव्हे. सहा गुण, किमान ए-१ जर्मन किंवा बी-२ इंग्रजी, आणि २०२५ च्या दराने वर्षाला १३,०९२ युरो अडकवलेल्या खात्यात. आठवड्याला २० तास काम करता येते. जर्मन न शिकता ते घेऊन जाणाऱ्याचे वर्ष मुलाखतीची वाट पाहण्यात जाते.

ब्रिटनबद्दल थोडक्यात : २२ जुलै २०२५ पासून सर्वसाधारण पगाराची अट ४१,७०० पौंड, आरोग्य अधिभार माणशी वर्षाला १,०३५ पौंड, तोही सगळ्या वर्षांचा आगाऊ. आजवर पाच वर्षांनी कायमचे वास्तव्य मिळत आले, पण मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने तो काळ दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला. मालकाने द्यायचे स्पॉन्सरशिपचे प्रमाणपत्र विकत मिळत नाही. विकणारा भेटला तर तो लबाड आहे. न्यूझीलंडला सहा गुण पुरतात, पण तिथल्या मान्यताप्राप्त मालकाची नोकरी हवी. अमेरिकेचा एच-१बी हा कामाचा व्हिसा सर्वसाधारणपणे सहा वर्षांचा. ग्रीन कार्डात कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब, आणि त्यात मूल २१ वर्षांचे झाले की ते आईबापांच्या अर्जातून बाहेर पडू शकते.

एक कळकळीची विनंती. पूर्वी नाकारलेला व्हिसा लपवू नका. कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड बोटांच्या ठशांची माहिती एकमेकांशी पडताळतात. नाकारलेला व्हिसा सांगितला म्हणून पीआर अडत नाही. लपवला तर कॅनडात पाच वर्षांची बंदी येते, आणि ऑस्ट्रेलियात चुकीच्या माहितीसाठी तीन वर्षांची. ‘तो रकाना रिकामा सोडा’ असे सांगणाऱ्या एजंटावर ही बंदी येत नाही, अर्जावर सही करणाऱ्यावर येते.

शेवटी, संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणे. कॅनडाच्या अर्जासाठी पैसे घेऊन प्रतिनिधित्व करण्याचा हक्क तिथल्या परवानाधारक सल्लागारांना, वकिलांना आणि क्युबेकच्या नोटरींनाच आहे. सल्लागारांची यादी त्यांच्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन या नियामक संस्थेच्या संकेतस्थळावर नावानिशी असते, आणि असा माणूस आपले नाव अर्जाच्या ५४७६ क्रमांकाच्या फॉर्मवर लिहितो. ऑस्ट्रेलियात अशीच नोंद मारा या संस्थेकडे असते. परदेशात नोकरी लावून देणाऱ्याला तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. ती ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते, आणि उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरचा जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. आपल्या दैनिकात पीआर किंवा परदेशी नोकरीची जाहिरात स्वीकारताना यांपैकी जो लागू असेल तो परवाना क्रमांक जाहिरातीतच छापण्याची अट घालावी, तोही खालच्या ओळीत बारीक अक्षरांत नको, फोन नंबरच्या शेजारी आणि तेवढ्याच आकारात.

कळावे,

स्थलांतराच्या कागदपत्रांचे काम करणारे,
कोथरूड, पुणे